तेरा दिवस आणि तेरा महिने

भारतात कुणाशी फोनवर बोलताना 'हॉस्पिस' हा शब्द निघाला की पलीकडून दोनपैकी एक प्रश्न हमखास येतो. 'म्हणजे वृद्धाश्रम का रे?' किंवा 'म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले म्हणायचं?' विचारणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. इथे अमेरिकेत वीस-वीस वर्षं काढलेल्या मराठी मंडळींनाही हा शब्द ऐकून माहीत असतो, अर्थ मात्र घरात वेळ आल्यावरच कळतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. विषय मरणाचा आहे, पण खरं तर मरणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यांचा जास्त आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचा अशी विनंती.

आधी थोडी माहिती. आजच्या अर्थाने पहिलं हॉस्पिस १९६७ साली लंडनमध्ये सुरू झालं, सेंट ख्रिस्तोफर्स या नावाचं. ते काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या. तिन्ही बाजूंनी रुग्ण पाहिलेली बाई! मरणाऱ्या माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं. मनाचं, घरच्यांच्या काळजीचं, पैशाचं, देवाधर्माचं असं सगळं मिळून एक दुखणं असतं आणि त्या सगळ्यावर एकत्र उपाय करायला हवा, हा त्यांचा विचार. येल विद्यापीठाच्या नर्सिंग विभागाच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड यांनी तो अमेरिकेत आणला आणि १९७४ मध्ये कनेटिकटमध्ये इथलं पहिलं हॉस्पिस उभं राहिलं. १९८२ मध्ये अमेरिकन संसदेने ते मेडिकेअरमध्ये, म्हणजे ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी विम्यात घातलं आणि मग ते घरोघरी पोचलं.

'घरोघरी' हा शब्द मुद्दाम वापरला. हॉस्पिस म्हणजे बहुतेक वेळा इमारत नसतेच. रुग्ण स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत असतो आणि हॉस्पिस त्याच्याकडे येतं. नियम असा की आजार त्याच्या नेहमीच्या गतीने गेला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी आहे, असं दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. रुग्णाने, किंवा त्याच्या वतीने घरच्यांनी, सही करायची की आता हा आजार बरा करण्याचे उपचार नकोत, त्रास कमी करण्याचे हवेत. मग एक अख्खी टीम जोडली जाते. डॉक्टर, आठवड्यातून एकदोनदा येणारी नर्स, अंघोळ घालायला येणारी मदतनीस, कागदपत्रं आणि घरच्या अडचणी बघणारी सोशल वर्कर, हवा असल्यास धर्मगुरू आणि स्वयंसेवक. वरखाली होणारा पलंग, ऑक्सिजन, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची हे सगळं घरी आणून देतात. आणि चोवीस तास कुणीतरी उचलेल असा एक फोन नंबर. मेडिकेअर असेल तर या सगळ्याला रुग्णाच्या खिशातून जवळपास काही जात नाही. (भारतातून व्हिसावर भेटीला आलेल्या आईवडिलांना मात्र मेडिकेअर नसतं, हे लक्षात ठेवा.)

सही केली म्हणजे परतीचा दोर कापला, असंही नाही. मत बदललं तर केव्हाही हॉस्पिस सोडून पुन्हा उपचार घेता येतात. सहा महिने उलटूनही माणूस असला तर पुन्हा तपासून मुदत वाढते. माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांचं उदाहरण ताजं आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी घरीच हॉस्पिस घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं आठवड्याभराचे सोबती. ते गेले २९ डिसेंबर २०२४ ला, शंभरी पूर्ण करून आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत मत टाकून! त्यांच्या पत्नी रोझलिन मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये हॉस्पिस सुरू झाल्यावर दोन दिवसांत गेल्या. एकाच घरातली ही दोन टोकं.

आता जरा जवळचं सांगतो. माझ्या एका स्नेह्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, मुलाकडे येऊन पंधरा वर्षं इथेच राहिले होते. कॅन्सर यकृतात पोचल्यावर डॉक्टरांनी हॉस्पिसचं नाव काढलं. घरात रणकंदन. पुण्याच्या काकांचा फोन, 'अरे, तुम्ही अमेरिकेत असून त्यांना असं सोडून देताय?' बहिणीचं म्हणणं, अजून एक केमो करून बघू. काकूंचं एकच पालुपद, 'त्यांना काही सांगू नका, ते खचतील.' हॉस्पिसची नर्स पहिल्यांदा घरी आली आणि सगळ्यांसमोर सरळ अण्णांनाच विचारलं, 'तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय काय माहीत आहे?' खोलीत सन्नाटा. अण्णा म्हणाले, 'मला सगळं माहीत आहे. ह्यांना माहीत नाही असं मला वाटत होतं.'

मंडळी, हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपल्याकडच्या किती घरांत हे नाटक महिनोन् महिने चालतं! रुग्णाला कळू नये म्हणून घरचे हसतात आणि घरच्यांना कळू नये म्हणून रुग्ण हसतो. त्या नादात जे बोलायचं ते राहूनच जातं. लॉकरची किल्ली कुठे आहे इथपासून ते 'माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर' इथपर्यंत सगळं. अण्णांनी पुढच्या पाच आठवड्यांत धाकट्या भावाशी जमिनीवरून वीस वर्षं धरलेला अबोला व्हिडिओ कॉलवर सोडला. काकूंना बँकेची कामं शिकवली. हे काही औषधाने झालं नाही, एका सरळ प्रश्नाने झालं.

त्या नर्सने आणखी दोन गोष्टी समजावल्या, त्या प्रत्येक मराठी घरात माहीत असायला हव्यात असं मला वाटतं.

पहिली खाण्याची. आपल्याकडे प्रेम ताटातून व्यक्त होतं. 'दोन घास तरी खा', 'पेज तरी घे', 'तुझ्यासाठी मुद्दाम केलंय'. अण्णा तोंड फिरवायचे आणि काकू स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. नर्स म्हणाली, ते खात नाहीत म्हणून जात नाहीयेत, ते निघालेत म्हणून खात नाहीयेत. शरीर बंद व्हायला लागलं की त्याला अन्न पचवता येत नाही, बळजबरी केली तर उलटी, ठसका, पोटफुगी. त्यापेक्षा ओठ ओले ठेवा, आवडत असेल तर चमचाभर ताक, एखादी आंब्याची फोड चाखायला. काकूंच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं ते मी पाहिलं आहे.

दुसरी मॉर्फिनची. घरी फ्रिजमध्ये ठेवायला औषधांची एक छोटी पेटी देतात. त्यात जिभेखाली टाकायचं पातळ मॉर्फिन, अस्वस्थपणावरचं औषध, घशातली घरघर कमी करायचे थेंब असं असतं. मॉर्फिन म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, वाटतं आपण हाताने मारतोय. प्रत्यक्षात ते दुखणं आणि धाप कमी करण्यासाठी मोजून दिलेलं असतं. केव्हा, किती, कसं ते लिहून देतात आणि शंका आली तर रात्री तीन वाजताही फोनवर सांगतात. अण्णा गेल्यावर उरलेलं मॉर्फिन नर्सने मोजलं, वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात कालवून टाकलं आणि तशी नोंद केली.

अण्णा घरी गेले, पहाटे. हॉस्पिस असलं की रुग्णवाहिका बोलवायची नसते, हॉस्पिसलाच फोन करायचा. नाहीतर ती माणसं येऊन छाती दाबणं, नळ्या घालणं सुरू करायची. काकूंनी अण्णांच्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घातलं. दोन दिवस आधीच नर्सने विचारून ठेवलं होतं, 'तुमच्यात शेवटी काय करतात?' आता विरोधाभास बघा. न्यू जर्सीतल्या घरात तुळशीपत्र तोंडात पडलं, आणि मुंबई-पुण्यात कितीतरी जणांना आयसीयूच्या काचेबाहेर, भेटण्याच्या अर्ध्या तासाची वाट बघत उभं राहावं लागतं. आत नाकातोंडात नळ्या. तुळशीपत्र ठेवायला जागाच कुठे असते?

इथपर्यंतची माहिती कुठेही मिळेल. मला खरं सांगायचंय ते यापुढचं.

हॉस्पिसच्या नियमांत 'रुग्ण' म्हणजे एकटा माणूस नाही. रुग्ण आणि त्याचं कुटुंब मिळून एक रुग्ण. त्यामुळे माणूस गेला की फाइल बंद होत नाही. घरच्यांच्या दुःखाला आधार देण्याचं काम हॉस्पिसने मृत्यूनंतर वर्षभर करायचं, हा मेडिकेअरचा नियमच आहे. बऱ्याच संस्था ते तेरा महिने चालू ठेवतात. तेरा का? कारण पहिलं वर्षश्राद्ध (इथे ते त्याला श्राद्ध म्हणत नाहीत, पण दिवस तोच) पार पडेपर्यंत माणसाला एकटं सोडायचं नाही. त्या वर्षात पहिली दिवाळी येते, पहिला वाढदिवस, लग्नाचा पहिला वाढदिवस. प्रत्येक 'पहिला' दिवस अंगावर येतो.

हे काम बघायला वेगळी व्यक्ती असते. पहिल्या महिन्यात पत्र, मग फोन, तिसऱ्या-सहाव्या महिन्यात पुन्हा, वर्ष भरायच्या आधी पुन्हा. हवं तर समोर बसून बोलणं, हवं तर गट. नवरा-बायको गेलेल्यांचा गट वेगळा, मूल गेलेल्यांचा वेगळा. वर्षातून एकदा गेलेल्या सगळ्यांची नावं वाचून दिवे लावतात.

काकूंना इंग्रजी बेताचंच. बाईंचा फोन आला तेव्हा मुलगा म्हणाला, 'आई काय बोलणार!' बाईंनी फोनवरच हिंदी दुभाषी जोडून घेतली. काकू पाऊण तास बोलल्या! मुलगा चकित. नंतर त्यांना विचारलं, एवढं काय बोललात? म्हणाल्या, 'तो आधीच दमलाय, त्याच्यासमोर कसं रडू? सुनेसमोर कसं? ती बाई कोण, कुठली. तिने विचारलं, रात्री झोप लागते का. इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.'

आता आपली पद्धत घ्या. मी आपल्या तेरा दिवसांना नावं ठेवणार नाही, उलट मला ती फार शहाणी व्यवस्था वाटते. घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात, माणसं जमिनीवर सतरंजीवर बसतात, तेच तेच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितले जातात. 'शेवटी काय झालं?' हे दर येणारा विचारतो आणि घरची बाई पन्नासदा सांगते. सांगता सांगताच ते खरं वाटायला लागतं. इथे अमेरिकेत नोकरीत दुःखाची रजा बहुधा तीन ते पाच दिवस. देशभर लागू असा रजेचा कायदा यासाठी नाही. १९९३ चा कौटुंबिक रजेचा कायदा आजारी माणसाच्या सेवेसाठी आहे. माणूस गेला की तो लागू होत नाही. ओरेगॉनमध्ये २०१४ पासून राज्यापुरता कायदा लागू झाला, तो पहिला. म्हणजे बुधवारी बाप गेला तर पुढच्या बुधवारी माणूस मीटिंगमध्ये! अशा समाजाला तेरा महिन्यांची सोय कागदावर करावी लागली यात नवल नाही.

पण आपला चौदावा दिवस? गोडाचं जेवण झालं, मंडप निघाला, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या. अमेरिकेतला मुलगा रविवारच्या विमानाने निघाला, कारण रजा संपली. मुलगी सासरी. आणि तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक सत्तरीची बाई किंवा एक बुवा, ज्याला गॅस कसा लावायचा हेही माहीत नाही. जुन्या वाड्यात चौदाव्या दिवशीही दहा माणसं असायची, म्हणून तेरा दिवस पुरत होते. वाडा गेला, दिवसांची संख्या तीच राहिली. मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध यांत तेरा महिन्यांचा धागा आपल्याकडेही होताच की. पण आता बहुतेक घरी तेराव्यालाच सगळं उरकून घेतात, 'नंतर सगळ्यांना जमत नाही' म्हणून. माझं म्हणणं इतकंच की विधी उरका किंवा करूच नका, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्या निमित्ताने दर महिन्याला माणूस घरी यायचा, तो यायचा थांबू नये.

आता 'अमेरिका म्हणजे सगळं छान' असा हा लेख नाही, म्हणून उणी बाजूही सांगतो. एक, बहुतेक लोक हॉस्पिसकडे फार उशिरा येतात. निम्म्या रुग्णांना तीन आठवडेही मिळत नाहीत. दोन, चोवीस तास नर्स घरी बसत नाही. कूस बदलणं, लंगोट बदलणं, रात्रीची जागरणं हे सगळं घरच्यांनीच करायचं, आणि घरात एकटी ऐंशी वर्षांची बायको असेल तर ते फार जड जातं. तीन, पैसा. सरकार दिवसाच्या दराने पैसे देतं, त्यामुळे नफ्यासाठी काढलेल्या कंपन्या भराभर घुसल्या. आज बहुसंख्य हॉस्पिस नफ्यावर चालतात. लॉस एंजेलिसमध्ये इतकी बोगस हॉस्पिस निघाली की कॅलिफोर्नियाच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०२२ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला. चार, मागे राहिलेल्यांना आधार देणं सक्तीचं असलं तरी त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. मग काही ठिकाणी त्याचा अर्थ चार छापील पत्रं एवढाच उरतो. काकूंना भेटली तशी बाई सगळ्यांना भेटत नाही.

तरीही 'त्रास कमी करणारे उपचार म्हणजे हार' हा समज मात्र चुकीचा ठरला आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुफ्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास शमवणारी देखभाल. दुसऱ्या गटाचं जगणं तर सुखाचं झालंच, शेवटच्या दिवसांत त्यांनी जोरकस उपचार कमी घेतले आणि तरीही ते जास्त जगले. मध्यमान ११.६ महिने, पहिल्या गटाचं ८.९. एका अभ्यासावरून जग बदलत नाही, पण पुण्याच्या काकांना दाखवायला पुरेसा आहे.

'हे सगळं तिकडे ठीक, इकडे कुठे?' असं म्हणाल तर इकडेही आहे, आणि बरंच जुनं आहे. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईतच, वांद्र्याला. कॅन्सरचे सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये काढलेलं शांती आवेदना सदन. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. तिथे कॅन्सरच्या रुग्णाला घरच्या माणसासह ठेवून घेतात आणि पैसे घेत नाहीत. पण खरा धडा केरळने घालून दिलाय. १९९३ मध्ये कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेलं काम शेजारपाजारच्या स्वयंसेवकांनी गावोगाव नेलं आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं. कंपनी नाही, विमा नाही. गल्लीतली माणसं शिकून येतात, शेजारच्या घरी जातात. हे वाचून मला तर आपल्या तेरा दिवसांतल्या जेवण आणणाऱ्या शेजाऱ्यांचीच आठवण झाली. त्यांनाच थोडं प्रशिक्षण दिलं, इतकंच.

मॉर्फिनचं दुखणं वेगळं. आपल्याकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट करून ठेवलं की रुग्ण विव्हळत राहिले. २०१४ मध्ये कायदा सुधारला. तेव्हा डॉक्टरांना विचारायला लाजू नका, 'दुखणं कमी करायला तुमच्याकडे कोण आहे?' आणि इच्छापत्राचं. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला हे मान्य केलं की बरं होण्याची आशा नसेल तेव्हा यंत्रांवर जगवू नका, असं माणूस आधी लिहून ठेवू शकतो. जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात.

तर एवढं लिहून मी वाचकांना काय करायला सांगतोय? एकदा आईवडील धडधाकट असतानाच, जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून त्यांना विचारा की शेवटी काय हवं, काय नको. 'अभद्र बोलू नकोस' म्हणतील. पुढच्या वेळी पुन्हा विचारा. घरात असा आजार आला तर रुग्णाला किती कळायला हवंय, ते रुग्णालाच विचारा. आणि ओळखीत कुणी गेलं तर तेराव्याला गेला नाहीत तरी चालेल, चौदाव्या दिवशी जा. मग महिन्याने जा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याची तारीख आत्ताच टाकून ठेवा. परदेशातल्या आमच्यासारख्यांनी तर नक्कीच, कारण पोचायला आम्हाला बहुधा उशीर झालेला असतो, पण फोन करायला होत नाही.

फोन केलात की 'आता सावरलं पाहिजे' वगैरे काही सांगू नका. रात्री झोप लागते का, एवढंच विचारा. आणि मग ऐका, पाऊण तास लागला तरी.

बघा, पटतंय का.